हवाईयन भाषेतले रोजचे आणि निसर्गातले शब्द : मराठी माणसाने कुठून सुरू करायचं आणि कसं

हवाई बेटांवरच्या होनोलुलूत राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका दुकानाचा पत्ता विचारला. रस्त्यावरच्या मावशी म्हणाल्या, किंग स्ट्रीटवर जा, माकाइ बाजूला आहे. डावीकडे का उजवीकडे, पूर्वेला का पश्चिमेला काही नाही, फक्त माकाइ. मी उलट्या बाजूला अर्धा तास फिरले आणि मग एका मुलाने समुद्राकडे हात करून दाखवला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माकाइ म्हणजे समुद्राकडे, माउका म्हणजे डोंगराकडे. तो शब्द मी त्यानंतर कधीच विसरले नाही, आणि त्याच महिन्यात अॅपवर रोज वीस-वीस पाठ केलेले शब्द मात्र आठवड्याभरात धुऊन गेले. म्हणून हे लिहितेय. या भाषेतले शब्द जमिनीला, पाण्याला, ताटातल्या जेवणाला बांधलेले आहेत, यादी करून घोकले तर टिकत नाहीत, जागेवरून उचलले तर टिकतात. आणि कोकणात आजोळ असलेल्या माणसाला तर यातल्या अर्ध्या वस्तू आधीच ओळखीच्या असतात, फक्त नवं नाव शिकायचं असतं.

पायरी पहिली : कान आणि जीभ

हवाईयन लिपी रोमन आहे आणि अक्षरं फक्त १३. पाच स्वर आ, ए, इ, ओ, उ, सात व्यंजनं ह, क, ल, म, न, प, व, आणि तेरावं अक्षर म्हणजे 'ओकिना. हे ओकिना छापताना उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं आणि त्याचा आवाज म्हणजे घशात क्षणभर हवा अडवणं. आपण "अंहं" किंवा "उं-हूं" म्हणून नकार देतो ना, त्यात मधे जो छोटा अडथळा येतो, साधारण तोच. ते सजावटीचं चिन्ह नाही, क किंवा म सारखंच पूर्ण व्यंजन आहे. या लेखात मी ते ' असं दाखवणार आहे.

दुसरं चिन्ह काहाकोऽ, म्हणजे स्वराच्या डोक्यावरची आडवी रेघ. स्वर लांबवायचा. मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घ शाळेपासून माहीत असतं पण इथे एक गोष्ट सांभाळायची, यांचा छोटा आ हा आपला अ नाही, तो आ-च आहे, फक्त आखूड. म्हणून मी लांब आ, ए, ओ साठी पुढे ऽ लावतेय आणि इ-उ साठी आपलं नेहमीचं ई-ऊ वापरतेय. तुम्हीही वहीत असंच लिहा, सुरुवातीला फार सोपं जातं.

आता ही चार शब्दांची ओळ मोठ्याने म्हणा : पाउ, पा'उ, पा'ऊ, पाऽ'ऊ. पहिला म्हणजे संपलं, दुसरा काजळी, तिसरा ओलसर, चौथा बायकांचा घागरा. स्वयंपाकघरातली जोडी हवी असेल तर मोआ म्हणजे कोंबडी आणि मो'आ म्हणजे शिजलेलं. ओनो म्हणजे सहा, 'ओनो म्हणजे चविष्ट. ही जोडी आठवडाभर रोज दहा वेळा म्हणा, बाकी काही शिकू नका म्हटलं तरी चालेल, कारण कान तयार झाला नाही तर पुढचे सगळे शब्द एकमेकांत मिसळतात.

आपल्याला दोन गोष्टी फुकट मिळतात. यांचे क आणि प आपल्यासारखे कोरडे आहेत, इंग्रजीसारखा त्यात ह मिसळत नाही. आणि यांचा व कधी ओठ गोल करून कधी दात टेकवून असा मधला असतो, मराठी व त्याच्या बराच जवळ जातो. व्यंजनाला व्यंजन कधीच जोडायचं नाही, प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, जोडाक्षर हा प्रकारच नाही.

ही चिन्हं पाळायचं एक कारण मनाला लागणारं आहे. १८९३ मध्ये हवाईच्या राणी लिलि'उओकालानि यांची सत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. त्यानंतर पिढ्यानपिढ्या मुलांना घरची भाषा शाळेत बोलता येईना, आणि घरी बोलणारेही कमी होत गेले. १९७८ मध्ये हवाई राज्याच्या घटनेत ती अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये काउआ'इ बेटावर पूनाना लेओ म्हणजे "आवाजाचं घरटं" नावाची पहिली बालवाडी उघडली जिथे लहान मुलांशी फक्त हवाईयनच बोलायचं. ज्यांनी इतक्या कष्टाने भाषा परत आणली त्यांच्यासमोर ओकिना गिळून बोलणं मला तरी बरं वाटत नाही.

पायरी दुसरी : दिशा आणि पाणी

बेट गोल असतं. मधे डोंगर, सगळ्या बाजूंनी समुद्र. अशा ठिकाणी उत्तर-दक्षिण सांगून उपयोग होत नाही, कारण बेटाच्या या अंगाला डोंगर उत्तरेला आणि त्या अंगाला दक्षिणेला. म्हणून उका म्हणजे आतला वरचा भाग, काइ म्हणजे समुद्र, आणि त्याला मा लावून माउका, माकाइ. आपल्याकडे नाही का कोकणातली माणसं "घाटावर गेलाय" म्हणतात, किंवा वाडीतल्या वाडीत वरची आळी खालची आळी चालतं, तसंच. सराव असा करा : घरात उभं राहून ठरवा की समुद्र कोणत्या बाजूला. पुण्यात असाल तर पश्चिमेला तोंड करा. मग दिवसभर सगळ्या गोष्टी याच शब्दांत बघायच्या, खिडकी माकाइ, बसस्टॉप माउका.

काइ हा समुद्र आणि खारं पाणी, वाइ हे गोडं पाणी. आपण दोन्हीला पाणीच म्हणतो, त्यांच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि वाइ तर सगळीकडे सापडतो. वाइ दोनदा म्हटलं की वाइवाइ, म्हणजे संपत्ती. ज्याच्याकडे पाणी तो श्रीमंत, दुष्काळी भागातल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. कायद्याला शब्द आहे काऽनाऽवाइ, त्यातही वाइ बसलेलं आहे.

इथून नकाशा घ्या. खरंच, हवाईचा नकाशा हे या भाषेचं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे. वाइमेआ म्हणजे तांबूस पाणी. वाइकीकी, जिथे आता हॉटेलांची रांग आहे, ते नाव उसळणाऱ्या पाण्याचं आहे, तिथे पूर्वी पाणथळ शेती आणि मासे पाळायची तळी होती. होनोलुलु म्हणजे वाऱ्यापासून आडोसा असलेली खाडी. माउना केआ पांढरा डोंगर, कारण ४२०७ मीटरवर हिवाळ्यात बर्फ पडतो, माउना लोआ लांबलचक डोंगर, हालेआकालाऽ सूर्याचं घर. एका संध्याकाळी एवढं केलंत तर माउना डोंगर, केआ पांढरा, लोआ लांब, हाले घर, लाऽ सूर्य आणि दिवस, असे पाच शब्द न घोकता खिशात येतात.

डोंगरावरून आठवलं, या भाषेचे दोन शब्द आपल्या सह्याद्रीत आधीच येऊन बसलेत. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला लाव्हा तो पाऽहोएहोए आणि खडबडीत, पाय फाडणारा तो 'आ'आऽ. भूशास्त्राने हे शब्द जगभर नेले आणि दख्खनच्या काळ्या कातळाचं वर्णन करतानाही हेच वापरतात. म्हणजे किल्ल्यावर जाताना कधी वळ्यावळ्यांचा कातळ दिसला तर त्याचं हवाईयन नाव तुम्हाला येतंय.

पायरी तिसरी : ताट, आणि खास करून अळू

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

कालो म्हणजे अळू. पॉलिनेशियन लोक होड्यांतून या बेटांवर आले तेव्हा सोबत दोनेक डझन झाडं घेऊन आले, आणि त्यातली बरीच आपल्या परसातली आहेत. निउ नारळ, माइ'आ केळ, कोऽ ऊस, 'ओऽलेना हळद, 'उलु म्हणजे नीरफणस, 'उआला म्हणजे रताळं (ते मूळ दक्षिण अमेरिकेतलं), नोनि म्हणजे आपली बारतोंडी, कामानि म्हणजे उंडी जिचं तेल कोकणात पूर्वी दिव्याला वापरायचे, मिलो म्हणजे समुद्रकाठचं भेंडीचं झाड. हे सगळे शब्द शिकायची पद्धत एकच : मंडईत किंवा आजोळी ती वस्तू हातात घ्यायची आणि नाव घ्यायचं. हळदीचं तर आणखी एक, खाऱ्या पाण्यात हळद मिसळून शुद्धीसाठी शिंपडायची रीत तिथेही आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गलबलून आलं होतं.

तर कालो. पाणथळ खाचर म्हणजे लो'इ, त्याला पाणी आणणारा पाट म्हणजे 'आउवाइ, त्यात परत वाइ आहे बघा. एका शनिवारी मी लो'इत कामाला गेले, अशा श्रमदानाला कोणीही जाऊ शकतं, गुडघाभर चिखलात उभं राहून भातलावणीसारखंच. तिथल्या काकांनी एक झाड उपटून हातात दिलं आणि एकेका भागाला बोट लावून नाव सांगितलं. पान ते लू'आउ, देठ हाऽ, खालची मोठी अळकुडी माकुआ म्हणजे आईबाप, आणि तिला चिकटून फुटलेली पिल्लं ती 'ओहाऽ. अळूच्या कांद्याचा वरचा चकतीएवढा तुकडा देठासकट ठेवून कापतात, तो हुलि, तोच परत चिखलात खोचायचा. 'ओहाऽ वरून शब्द आला 'ओहाना, म्हणजे कुटुंब, एका कांद्याला फुटलेले सगळे. त्यांच्या कथेत पहिलं बाळ मृत जन्मलं, ते पुरलं तिथे कालो उगवला, आणि नंतर जन्मलेला धाकटा भाऊ हाऽलोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. थोरला खायला घालतो, धाकट्याने त्याची काळजी घ्यायची. हे ऐकून झाल्यावर ते शब्द विसरणं शक्यच नाही.

लू'आउ म्हणजे मुळात अळूचं पान, ज्या मेजवानीत ते शिजवून वाढायचे त्या मेजवानीलाच पुढे ते नाव पडलं, आणि पर्यटकांना फक्त मेजवानीच माहीत असते. अळूचा कांदा शिजवून कुटून पाणी घालून केलेली ती पोइ. आणि नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, त्या खाजेला माने'ओ म्हणतात. आपण अळूच्या फदफद्यात चिंच-आमसूल घालतो ते याच खाजेसाठी, ते लोक बराच वेळ शिजवून घालवतात.

आता दोन शब्द जे मला फार आवडतात. 'आइ म्हणजे खाणं, आणि नाम म्हणून मुख्य अन्न, म्हणजे पोइ. इ'आ म्हणजे मासा, पण जुन्या वापरात पोइबरोबर तोंडी लावायला जे काही असेल ते सगळं इ'आ, मग ते मटण असो, भाजी असो, नुसतं मीठ असो. भात आणि कालवण हेच नातं आहे. आणि 'आइ वरूनच 'आऽइना, जमीन, म्हणजे खायला घालणारी.

पायरी चौथी : आभाळ

उआ म्हणजे पाऊस, माकानि वारा, आओ ढग, लानि आभाळ, होऽकू तारा. हे पटकन होतं. खरी मजा पावसाच्या नावांत आहे, आणि ती शेकड्यांनी आहेत. आपणही पावसाला नावं देतो, मृगाचा, हस्ताचा, तरणा पाऊस म्हातारा पाऊस, पण आपली नावं काळाची आहेत, नक्षत्राप्रमाणे. त्यांची नावं जागेची आहेत. मानोआच्या दरीतला पाऊस तो तुआहिने, हिलोचा कानिलेहुआ, हाऽना गावचा उआकेआ म्हणजे पांढरा पाऊस. तुआहिने नाव घेतलं की ऐकणाऱ्याला कळतं कोणत्या दरीची गोष्ट चालू आहे. म्हणून पावसाचं नाव शिकताना गावाचं नावही त्याच ओळीत लिहायचं, सुटं लिहू नका.

चंद्राच्या बाबतीत मात्र आपण आणि ते एकाच वाटेवर आहोत. माहिना म्हणजे चंद्र आणि महिनाही. हो, ऐकायला अगदी आपल्या महिन्यासारखा, पण नातं काही नाही, निव्वळ योगायोग, तरी पाठ करायला उपयोगी. प्रत्येक रात्रीला नाव आहे, तिथीसारखं, एकूण ३०. पहिली बारीक कोर दिसते ती हिलो, हा शब्द पीळ घालणे, वळणे याचा, म्हणजे धाग्याएवढी कोर. पौर्णिमेच्या आसपास आकुआ, होकु, माऽहेआलानि. शेवटची काळी रात्र मुकु. मधे 'ओले नावाच्या काही रात्री येतात, 'ओले म्हणजे नाही, त्या रात्री लावणीला आणि मासेमारीला चांगल्या नाहीत असं मानतात. महिन्याचे पंधरवडे नसून दहा-दहा रात्रींचे तीन भाग असतात, वाढता, गोल आणि घटता. आणि कृत्तिका, त्यांचं नाव माकालि'इ, नोव्हेंबरच्या सुमारास सूर्यास्ताला उगवल्या की माकाहिकि नावाचा चार महिन्यांचा सणांचा काळ सुरू व्हायचा, त्यात लढाई बंद.

प्राणी-पक्षी जास्त सांगत नाही, होनु कासव, मानोऽ शार्क, पुएओ घुबड, एवढ्याने सुरुवात करा. पण साळुंकीचं सांगायलाच हवं. १८६५ मध्ये पिकावरच्या अळ्या खायला म्हणून ती भारतातून तिथे नेली, आणि तिला नाव पडलं पिहा'एकेलो, म्हणजे 'एकेलो 'एकेलो अशा कलकलाटाने भरलेली. खिडकीत साळुंक्या भांडतात तेव्हा ऐका, बरोबर तसंच वाटतं. आणि लांब नावाची भीती घालवायला राज्याचा मासा घ्या, हुमुहुमुनुकुनुकुआऽपुआ'आ. तोडून वाचा : हुमुहुमु ही माशाची जात, नुकु तोंडाचा पुढे आलेला भाग, आऽ म्हणजे सारखा, पुआ'आ डुक्कर. डुकरासारख्या तोंडाचा हुमुहुमु. झालं.

पायरी पाचवी : शब्द वाक्यात बसवणं

एवढे शब्द झाले की थांबायचं आणि फक्त एक प्रश्न शिकायचा. हे आहा केऽइआ? म्हणजे हे काय आहे. उत्तर : हे होनु केऽइआ, हे कासव आहे. दिसेल त्याला हा प्रश्न लावा. दुसरा प्रश्न, आइआ इ हेआ के काहाकाइ? समुद्रकिनारा कुठे आहे. आणि के उआ नेइ, पाऊस पडतोय. क्रियापद आधी येतं, कर्ता नंतर, आपल्या उलट, आठवडाभरात सवय होते.

नामाच्या आधी का किंवा के लागतं. शब्द क, ए, आ, ओ ने सुरू होत असेल तर के, नाहीतर का. के कालो, के आओ, पण का वाइ, का 'आऽइना, कारण तिथे पहिलं अक्षर आ नाही, ओकिना आहे. अपवाद आहेत, जसं टेबलाला के पाऽकाउकाउ, पण ते येतील तसे लिहून ठेवा.

एक गोष्ट जिथे बहुतेक शिकणारे वर्षभर अडकतात आणि आपण पहिल्या दिवशी पार होतो, ती म्हणजे आपण आणि आम्ही. काऽकोउ म्हणजे आपण सगळे, ऐकणाराही त्यात. माऽकोउ म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. अगदी मराठीसारखं. फक्त त्यांच्याकडे दोघांसाठी वेगळं आहे, काऽउआ आपण दोघं, माऽउआ आम्ही दोघं. ए 'आइ काऽकोउ, चला जेवूया. जेवायला बसताना हे म्हणायचंच, आणि इथे माऽकोउ म्हटलंत तर समोरच्याला जेवायला न बोलावल्यासारखं होईल, ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

जे कठीण जाईल तेही सांगते. "माझा" साठी दोन शब्द आहेत, का'उ आणि को'उ. आईवडील, घर, जमीन, स्वतःचं शरीर, म्हणजे जे मी निर्माण केलं नाही, मला मिळालं, ते को'उ. मूल, नवराबायको, काम, जेवण, म्हणजे जे माझ्या करण्याने झालं, ते का'उ. नियम पाठ करत बसू नका. मराठी मूल जसं तो रस्ता, ती वाट असं लिंगासकट शब्द शिकतं तसं प्रत्येक नाम वहीत को'उ किंवा का'उ लावूनच लिहा. को'उ हाले म्हणजे माझं घर, का'उ केइकि म्हणजे माझं मूल. नंतर दुरुस्त करायला गेलं की फार त्रास होतो, मी दोन महिन्यांच्या वह्या परत लिहिल्यात.

रोजचा सराव

वहीची पानं विषयाने पाडू नका, जागेने पाडा. एक पान ओट्याचं, एक खिडकीचं, एक वाटेचं, एक आभाळाचं. दिवसाला चार शब्द पुरे. सकाळी आलोहा काकाहिआका, कोणी काही दिलं की माहालो, काम संपलं की पाउ. शब्द अडला तर वेहेवेहे हा ऑनलाइन शब्दकोश उघडा, त्यात मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा १९५७ मध्ये पहिल्यांदा आलेला मोठा कोश आहे, आणि चिन्हं न टाकताही शोधता येतं. पण मग एकाच स्पेलिंगचे चार-पाच शब्द समोर येतात, त्यामुळे पहिला दिसला तो उचलू नका, सगळे वाचा. डुओलिंगोवरही २०१८ पासून कोर्स आहे, कान तयार करायला ठीक, पण शब्दांची मुळं तिथे कळत नाहीत.

तिथे प्रत्यक्ष गेलात तर एक पथ्य. हवाईत राहणारा प्रत्येक जण हवाईयन नसतो, तो शब्द तिथल्या मूळ लोकांसाठी आहे, काऽनाका माओलि. बाकीचे तिथलेच असले तरी स्वतःला लोकल म्हणवतात. मोठ्यांना सरसकट आंटी-अंकल म्हणायची पद्धत आहे, आपल्या काका-मावशीसारखी, आणि चुलत-मावस भावंडंही भावंडंच. कोणी आपली भाषा शिकतंय म्हटल्यावर बहुतेक आंट्या हातातलं काम ठेवून उच्चार सुधारून देतात. तेव्हा घाई न करता त्यांच्या तोंडाकडे बघा, ओकिनाला घसा कसा थांबतो ते बघा, आणि परत म्हणून दाखवा.

आज रात्री सुरू करायचं असेल तर गॅलरीत जा, चंद्र बघा, आजची तिथी माहीत असेलच, वहीच्या आभाळाच्या पानावर तिच्या शेजारी त्या रात्रीचं हवाईयन नाव लिहा आणि उद्या पुढचं. तीस रात्रींनी ते पान भरेल.